भांड्याखालचं नाव

ब्रदर रॉयस टॅडलॉक टीव्हीवर नेहमी सांगायचे, माझे केस पांढरे व्हायच्या आत प्रभू येशू ढगांतून परत येणार आहे. ते केस काळे ठेवायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे प्रभूला यायला उशीर झाला असेल तर त्यात माझाही थोडा हात आहे, असं मी त्यांच्या बायकोला, व्हर्नाला, चिडवायची. ती आरशातून माझ्याकडे डोळे वटारायची आणि मग इतकी हसायची की डोळ्यांचा रंग गालांवर ओघळायचा. मग मला पुन्हा पहिल्यापासून तिला रंगवावं लागायचं.

मी ओपल. बेथल स्प्रिंग्जला पेट्रोल पंपाला लागून माझं सलून आहे आणि सलूनच्या मागे माझं घर. व्हर्नाचे केस मी ती तरुण होती तेव्हापासून करत आले. चारचौघांत ती 'सिस्टर व्हर्ना, तुम्ही' आणि खुर्चीत बसली की 'तू'. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. माझी आई रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या मोडून खायची आणि उरलेले पैसे ब्रदर रॉयसला पाठवायची. "बी पेरतेय," म्हणायची. पीक आमच्या दारात काही आलं नाही. त्याचा राग माझ्या मनात आहे, मी तो लपवत नाही, आणि व्हर्नालाही तो माहीत होता. मग त्यांच्याकडे काम का केलं? व्हर्ना मला आवडायची, म्हणून केलं.

तळ्याकाठच्या टेकडीवर त्यांचं घर होतं. पांढरे खांब, आपोआप उघडझाप करणारं फाटक, न्हाणीघरातल्या नळांना सोन्याचा मुलामा. घर चर्चच्या नावावर, गाड्या चर्चच्या, विमान चर्चचं. ब्रदर रॉयस कॅमेऱ्यापुढे कोटाचे खिसे उलटे करून दाखवायचे आणि म्हणायचे, "या पृथ्वीवर माझ्या नावावर काही नाही. सगळं त्याचं आहे." लोक हात वर करून रडायचे. आणि गंमत अशी की हे अक्षरशः खरं होतं. पाळक राहतो ते घर चर्चच्या मालकीचं असलं की त्यावर टॅक्स लागत नाही. माझ्या दोन खोल्यांवर लागतो, दर जानेवारीत न चुकता लागतो. सरकारी पेन्शनमध्येही पैसे भरायचे नाहीत, अशी पाळकांना मुभा असते, फक्त तरुणपणीच तसं सांगावं लागतं. ब्रदर रॉयसनी सांगितलं होतं, म्हणजे त्यांच्यामागे व्हर्नालाही पेन्शन नाही. मृत्युपत्र केलं नाही, विमा काढला नाही. प्रभू येणारच आहे तर विमा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायची, प्रभू लवकर येणार तर हप्ते तरी थोडेच भरावे लागले असते.

पण प्रभूच्या आधी मरण आलं. सकाळी दाढी करता करता ते आरशापुढे कोसळले. शवपेटीत ठेवायच्या आधी मीच त्यांचे केस शेवटचे रंगवले. मुळं चांगली पांढरी झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली, कारण त्यांचा चेहरा अगदी वाट बघून दमलेल्या माणसासारखा दिसत होता.

आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की बायका स्वयंपाक करून नेतात. काचेच्या पसरट भांड्यात कोंबडी-भात, वर चीज, नाहीतर बटाटे, नाहीतर पीचचा गोड पदार्थ. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहायचं, म्हणजे भांडं कोणाचं ते कळतं. दुःख थोडं ओसरलं की घरच्यांनी भांडं घासूनपुसून स्वतः परत नेऊन द्यायचं. दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. त्या निमित्ताने दारात दोन शब्द होतात, आणि खरं तर तेवढ्यासाठीच सगळा खटाटोप असतो.

टेकडीवरच्या घरी एकही भांडं आलं नाही. डॅलसहून पांढऱ्या टोप्यांचे आचारी आले, बर्फाचा हंस आला, कोळंब्या आल्या. ज्या घरात स्वतःचा आचारी आहे तिथे आपला कोंबडी-भात घेऊन कोण फाटकाची बेल वाजवणार? तिसऱ्या दिवशी व्हर्ना माझ्या खुर्चीत येऊन बसली.

मग म्हणाली, "ओपल, माझ्या आईच्या वेळी ओट्यावर भांडी ठेवायला जागा नव्हती. आम्ही शेवटी कपडे धुवायच्या यंत्रावर ठेवली."

"कोळंब्या होत्या की तुझ्याकडे," मी म्हटलं.

"कोळंब्यांच्या खाली कोणाचं नाव नसतं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. मी तिचं डोकं धुतलं. पाणी जरा जास्तच वेळ सोडलं, म्हणजे तिला रडायला आडोसा झाला.

पुढच्या आठवड्यात चर्चचे व्यवस्थापक मिस्टर प्रुएट घरी आले आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाला चर्चच्या मालकीची छोटी चिठ्ठी चिकटवत गेले. खुर्च्यांना, पियानोला, कणीक मळायच्या यंत्रालासुद्धा. माणूस वाईट नाही, चिठ्ठी लावताना दरवेळी "माफ करा" म्हणायचा.

"फरच्या कोटालाही लावली," व्हर्ना मला सांगत होती. "तो मी कॅमेऱ्यापुढे घालायची म्हणून कामाचा पोशाख म्हणे."

"आणि अंगठी?"

"अंगठी माझी. ती घेतली तेव्हा आमच्याकडे चर्च कुठे होतं?"

तेव्हा त्यांच्याकडे एक तंबू होता आणि एक जुनी गाडी. गावोगाव तंबू ठोकायचा, व्हर्नाने अकॉर्डियन वाजवायचं, रॉयसनी ओरडायचं, आणि गाडीतच झोपायचं. डब्यातले मासे आणि खारी बिस्किटं खाऊन त्यांनी अख्खं लुइझियाना पालथं घातलं होतं. व्हर्ना ते दिवस आठवून कधी कुरकुरली नाही. पण सोन्याच्या नळांवरही तिचा जीव होता, खोटं कशाला बोला. मऊ टॉवेल, गुडघ्यांना गरम पाण्याचा टब, सकाळी खिडकीतून दिसणारं तळं. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं?

आता ते घर जाणार होतं. पाळकच त्यात राहत नसेल तर टॅक्सची सूट जाते, आणि टेकडीवरच्या त्या घराचा टॅक्स म्हणजे काय चेष्टा आहे? ब्रदर रॉयसच्या जागी त्यांचा पुतण्या केंडल आला होता. तीन लेकरांचा बाप, भाड्याच्या घरात राहणारा, घामट हातांचा मुलगा. देणग्या रोज आटत होत्या आणि तो भेदरलेला होता. पण काकूला रस्त्यावर काढायचं त्याच्या मनात नव्हतं. तो एक दिवस सलूनमध्येच आला, टोपी हातात धरून.

"काकू, एक मार्ग आहे," तो म्हणाला. "तुम्ही दीक्षा घ्या."

"कसली दीक्षा?"

"पाळकपणाची. मग ते पाळकाचंच घर राहील. कोणी बोट दाखवू शकणार नाही. रविवारी पाच मिनिटं कॅमेऱ्यापुढे यायचं, काकांची आठवण सांगायची, लोकांना देणगीचं सांगायचं. लोकांना तुम्ही हव्या आहात, काकू. घर तुमचं, गाडी तुमची, पगार चालू."

"आणि नाही घेतली तर?"

केंडलने टोपी गोल फिरवली. "तर महिनाअखेरीला आम्हाला तिथे राहायला जावं लागेल. कोणीतरी पाळक तिथे हवाच ना."

"पण केंडल, मला हाक आलेली नाही."

आमच्यात पाळक कोणी परीक्षा देऊन होत नाही. देव स्वतः हाक मारतो, माझं काम कर म्हणून. दीक्षेच्या वेळी सगळ्यांसमोर विचारतात, देवाची हाक ऐकलीस का? आणि ऐकली असेल त्यानेच हो म्हणायचं. त्या प्रश्नाला खोटं बोलणं म्हणजे काय, ते व्हर्नासारख्या बाईला सांगावं लागत नाही.

"प्रार्थना करा, काकू," केंडल म्हणाला. "येईलसुद्धा. अजून रविवारला वेळ आहे."

तो गेल्यावर मी कंगवा खाली ठेवला. "हो म्हणून टाक, बाई," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याला विमानाबद्दलसुद्धा देवाची हाक आली होती. तुला एका घराबद्दल आली तर कोणाचं काय बिघडतं?"

"रॉयसला खरंच ऐकू यायची, ओपल. तुला वाटतं तो नाटक करायचा. नाटक करत असता तर मी त्याला थांबवलं असतं. मी त्याच्याशी भांडू तरी शकले असते." ती आरशात स्वतःकडे बघत होती. "तो पहाटे उठून मला हलवायचा, व्हर्ना, देव म्हणाला विमान घे. त्याच्या डोळ्यांत पाणी असायचं. अशा माणसाला काय बोलणार?"

"म्हणजे तुला कधी शंका आली नाही?"

"यायची. मग तळं दिसायचं खिडकीतून आणि जायची," ती म्हणाली.

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आईच्या अर्ध्या गोळ्या आठवायला हव्या होत्या. पण तिने ते इतक्या सरळ सांगितलं की मी तिच्या केसांना क्लिपा लावत राहिले.

रविवारी मी कॅमेऱ्याच्या बाजूला कंगवा घेऊन उभी होते, नेहमीसारखी. व्हर्नाला निळा पोशाख घातला होता, त्याच्याही आतल्या शिवणीला चिठ्ठी असणार. चर्च भरलेलं होतं. कितीतरी दिवसांनी माणसं उभी होती. केंडलने काकांबद्दल चांगलं बोलून घेतलं, लोक रडले, ऑर्गन वाजला. मग तो तिच्याकडे वळला.

"सिस्टर व्हर्ना टॅडलॉक, देवाने तुम्हाला या सेवेसाठी हाक मारली आहे का?"

ऑर्गनवाला एकच सूर धरून बसला. कॅमेरावाला माझ्याकडे बघायला लागला, मी काय करणार होते? मी ओठ हलवून तिला सांगत होते, हो म्हण, अगं हो म्हण.

"मी ऐकायचा फार प्रयत्न केला," व्हर्ना म्हणाली. "आठवडाभर केला. त्या घरात खूप शांतता असते. इतकी की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज झोपायच्या खोलीत येतो. मला तेवढाच ऐकू आला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मला हाक मारली ती केंडलने आणि मिस्टर प्रुएटनी. ते चांगले आहेत, त्यांना माझी काळजी आहे. पण ते देव नाहीत. मला त्या घरात राहायचंय. फार राहायचंय. तुम्हाला वाटत असेल मला त्याचं काही नाही, तर तसं नाही. पण या प्रश्नाला मी हो म्हणू शकत नाही."

तेवढ्यात कोणीतरी टीव्हीवरचं प्रक्षेपण तोडून ब्रदर रॉयसचं एक जुनं गाणं लावलं, काळ्या केसांतलं. व्हर्ना पायऱ्या उतरून माझ्याकडे आली आणि कानातले काढून माझ्या हातात ठेवले. "हे प्रुएटना दे," म्हणाली. "यांनाही चिठ्ठी आहे."

गाडीत मी तिच्यावर इतकी चिडले की सिग्नल सुटलेला मला दिसला नाही.

"आता कुठे जायचं, राणीसाहेब?"

"तुझी मागची खोली रिकामी आहे ना?"

"तिथे शाम्पूचे खोके आहेत."

"मग खोक्यांशेजारी झोपेन. गाडीत झोपलेली बाई आहे मी."

"तेव्हा तुझे गुडघे शाबूत होते," मी म्हटलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी पोचल्यावर मी खोके बाहेर काढायला लागले. तिने मदत केली नाही, कारण तिला वाकता येत नव्हतं. दारात उभी राहून कुठला खोका कुठे ठेव ते मात्र सांगत होती.

सोमवारी सकाळी सलून उघडलं तर पायरीवर एक काचेचं भांडं, वर जाड कागद घट्ट गुंडाळलेला. आत कोंबडी-भात, अजून गरम. दुपारपर्यंत आणखी आली. बटाट्याची, मक्याची, शेंगांची. मला केस धुवायच्या बेसिनवर फळी टाकून ती मांडावी लागली, आणि गिऱ्हाइकं रांगेत बसून वास घेत होती. बायका यायच्या, दारातूनच म्हणायच्या, "रॉयस गेले, वाईट झालं हं," जणू ते कालच गेले. व्हर्ना एकेक भांडं उचलायची आणि बुडाखालची पट्टी वाचायची. वाचायला चष्मा नव्हता, तर माझा घेतला. नाव वाचून झालं की ती ते मोठ्याने म्हणायची. ती मनसोक्त रडली, आणि या वेळी पाणी सोडायची गरज पडली नाही.

एक भांडं लिओटा ग्रब्जचं होतं. ते बघून मी चक्रावले. लिओटाने नवऱ्याच्या, हार्लनच्या, आजारपणात ट्रॅक्टर विकून ते पैसे ब्रदर रॉयसना पाठवले होते. नवरा गेला, ट्रॅक्टर गेला, आणि लिओटाने चर्चची पायरी सोडली. गावात ब्रदर रॉयसचं नाव काढलं की ती थुंकायची. खरोखर थुंकायची.

"हिचं भांडं मी नेऊन देते," मी म्हटलं. "तू जाऊ नकोस. ती तुला सोलून काढेल."

"आपल्या हातांनी द्यायचं असतं," व्हर्ना म्हणाली. ती भांड्यांचा हा एवढा ढीग घासत होती. कित्येक वर्षांत तिने ताट विसळलं नव्हतं, सगळीकडे फेस केला होता. पण काच अशी लख्ख केली की काय सांगू.

मग मी तिला गाडीतून दारोदार फिरवलं. काही घरी लोक दारातच हसून भांडं घ्यायचे. काही घरी आत बसवायचे आणि सांगायचे, आम्ही इतकी वर्षं चर्चला पैसे देत होतो, आमच्या आजीने दिलं, आमच्या मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी दिलं. व्हर्ना हात मांडीवर ठेवून ऐकायची. परत करायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि तसं ती सांगायचीही. लिओटाचं घर तिने शेवटी ठेवलं.

लिओटा ऐंशीच्या घरातली, काठीसारखी ताठ. तिने भांडं घेतलं, उजेडात धरून बघितलं आणि आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीतून ट्रॅक्टरची रिकामी शेड दिसत होती.

"तुझ्या नवऱ्याला मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "भांडं तुझ्यासाठी होतं."

"हो, सिस्टर लिओटा."

"टीव्हीवर बघितलं मी तुला. शेजारणीने हाक मारून बोलावलं, नाहीतर मी लावत नाही ते. आज एक विचारायचंय. पैशांबरोबर मी चिठ्ठी पाठवली होती. माझ्या हार्लनसाठी प्रार्थना करा म्हणून. तुझा नवरा टीव्हीवर सांगायचा ना, तुमच्या एकेका चिठ्ठीवर हात ठेवून मी प्रार्थना करतो. केली होती का त्याने?"

आता तरी हो म्हण, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. इथे कॅमेरा नाही, दीक्षा नाही, एका म्हातारीला बरं वाटेल, एवढंच. देव यातलं पाप धरणार नाही.

"चिठ्ठ्या पोत्यांनी यायच्या," व्हर्ना म्हणाली. "त्यांतले पैसे काढून घेणारे लोक वेगळे होते. रविवारी जेवण झालं की रॉयस पोत्यात हात घालायचा, मूठभर चिठ्ठ्या काढायचा आणि गुडघे टेकून एकेक वाचायचा. नावं घेऊन प्रार्थना करायचा. रडायचासुद्धा. हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मूठभरच. बाकीच्या तशाच जायच्या. तुमची त्या मुठीत होती की नाही, मला माहीत नाही, सिस्टर लिओटा. होती असं म्हणावंसं फार वाटतंय."

लिओटा खिडकीकडे बघत राहिली. इतका वेळ, की मी गाडीची किल्ली हातात घेतली.

"मूठभर," ती म्हणाली.

"हो."

"रडायचा म्हणतेस."

"रडायचा."

ती उठली. मला वाटलं, आता दार दाखवणार. तिने ओव्हनमधून पीचचा गोड पदार्थ काढला, व्हर्नाने घासून आणलेल्या त्याच भांड्यात मोठ्या चमच्याने भरला आणि वर कागद गुंडाळला. बुडाखालची पट्टी व्हर्नाने घासताना ओली होऊन सुटली होती. लिओटाने खणातून नवी काढली, नाव लिहिलं आणि अंगठ्याने घट्ट दाबली.

"हार्लनला हे आवडायचं," ती म्हणाली आणि भांडं व्हर्नाच्या हातात दिलं. "परत आणून दे. तू स्वतः ये. हिच्या हाती पाठवू नकोस."

गाडीत व्हर्नाने भांडं मागच्या सीटवर ठेवू दिलं नाही. मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हातांनी धरून.

"पोळेल," मी म्हटलं.

"पोळू दे," ती म्हणाली. मी गाडी हळू चालवली.